पहिली पंगत आणि एक ग्रुप फोटो : अधिवेशन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यकारिणीचे पदाधिकारी आणि अधिवेशन समितीचे सर्व सदस्य,
आपली विभागीय व्यावसायिक छायाचित्रकार संघटना

विषय : आषाढातील अधिवेशन आणि त्यातील स्नेहमेळाव्याचा कार्यक्रम

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या अधिवेशनाची चार पानी रंगीत पत्रिका गेल्या आठवड्यात हाती आली. छपाई सुरेख आहे. पहिल्या पानावरचा पावसाळी किल्ल्याचा फोटो आपल्याच एका तरुण सभासदाचा आहे हे मी लगेच ओळखले, परंतु त्याखाली त्याचे नाव छापलेले नाही. शेवटच्या पानावर पुरस्कर्त्या कंपन्यांची चौदा बोधचिन्हे आहेत, तीही ठळक. पहिल्या दिवशी सकाळी दहाला दीपप्रज्वलन, त्यानंतर दीड वाजेपर्यंत मान्यवरांचे सत्कार, दुपारी कंपन्यांची सादरीकरणे आणि मॉडेल शूट, संध्याकाळी संगीत रजनी, मग स्नेहभोजन आणि रात्री साडेअकराला लकी ड्रॉ. दुसऱ्या दिवशी स्टॉल पाहणे, सर्वसाधारण सभेला पाऊण तास आणि समारोप, असा बेत दिसतो. या दोन दिवसांत अधिवेशनाला आलेल्या सगळ्या छायाचित्रकारांचा एकत्र फोटो कधी आणि कुठे काढायचा, याला पत्रिकेत कुठेही जागा नाही. गेल्या तीन वर्षांतही ती नव्हती. या बाबतीत मी कार्यालयात दोन पत्रे दिली, दोन्हींची पोच मिळाली आणि पुढे काही झाले नाही, म्हणून हे तिसरे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे स्टुडिओ चालवतो. अधिवेशनात नाचगाणे नको, खाणेपिणे नको, नुसती व्याख्याने ठेवा, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. उलट आपल्या धंद्यातल्या माणसांना वर्षातून एकदा सणासारखे एकत्र येण्याची गरज इतर कोणाहीपेक्षा जास्त आहे, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण आपल्या कामाच्या रीतीतच आहे.

आषाढी एकादशीला देव झोपतात आणि लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतात, म्हणून आपल्या धंद्याला सुट्टी पंचांगच देते, आणि म्हणून जुन्या मंडळींनी अधिवेशन आषाढात ठेवले. (अलीकडे चातुर्मासातही आपत्कालीन मुहूर्त निघू लागले आहेत आणि कार्यालयांवर पक्की छपरे आली आहेत, तरीही अजून या महिन्यात कॅमेऱ्याची बॅग चार दिवस खुंटीला राहते.) उरलेल्या सीझनभर आपण रोज कोणाच्या ना कोणाच्या मंगल कार्यात उभे असतो. सकाळी सहाला हळदीच्या आधी हजर, अंतरपाट दूर होताना खुर्चीवर चढून तोल सांभाळत उभे, आणि पंगती सुरू झाल्या की वाढप्यांच्या मधून वाट काढत प्रत्येक ताटामागचा चेहरा टिपायचा. शेवटी कोणीतरी "फोटोवाले राहिलेत का हो?" असे विचारते, तेव्हा जिलेबी संपलेली असते, मसालेभात पातेल्याच्या तळाचा असतो आणि मठ्ठ्यात पाणी वाढवलेले असते. यात वधूपित्याचा दोष नाही. पंगतीचे फोटो काढायचे म्हणजे पंगत उठेपर्यंत उभे राहायचे, हे आपण पत्करलेले आहे. परंतु ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पहिल्या पंगतीचे फोटो काढले, त्याला वर्षातून एक दिवस पहिल्या पंगतीला पाट मिळावा, एवढाच मूळ हेतू या स्नेहमेळाव्याचा होता.

मी पहिल्यांदा अधिवेशनाला गेलो ते 1987 साली, साताऱ्याला. उतरण्याची सोय एका शाळेच्या वर्गात होती आणि अंथरूण ज्याचे त्याने आणायचे होते. जेवणाच्या वेळी यजमान गावचे छायाचित्रकार कमरेला पंचे बांधून स्वतः वाढायला उभे राहिले. बाहेरगावच्या सर्वांना पहिल्या पंगतीला बसवले आणि हात आडवा धरला तरी जिलेबी ताटात पडलीच. शेजारी सोलापूरकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांची नखे डेव्हलपरने, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनाने, कायमची तपकिरी झाली होती. मी नवखा आहे हे पाहून त्यांनी विचारले, "मे महिन्यात डेव्हलपर वीस अंशावर ठेवता कसा?" मी म्हणालो, ठेवता येत नाही, गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या दोन रोलवरचा चित्राचा थर कडेने सुटून आला. त्यांनी ताटातल्या वाट्याच उचलून मला दाखवले : मोठ्या ट्रेमध्ये बर्फाचे पाणी, त्यात डेव्हलपरचा छोटा ट्रे, बर्फ डेव्हलपरमध्ये कधीही टाकायचा नाही, नाहीतर तो पातळ होतो, आणि उन्हाळ्यात थर घट्ट राहावा म्हणून तुरटी घातलेला हायपो, म्हणजे चित्र पक्के करणारे द्रावण, वापरायचा. आमटीच्या वाटीत कढीची वाटी ठेवून दिलेला तो धडा मला कोणत्याही पुस्तकात मिळाला नसता, आणि व्यासपीठावरून तर कोणीच दिला नसता. पुढच्या वर्षी पाळी आमच्या जिल्ह्याची आली तेव्हा मी पंचा बांधला आणि त्या गृहस्थांना आग्रह करकरून वाढले.

आता गेल्या वर्षीची रात्र आठवा. पुढच्या चार ओळींतील टेबलांवर पांढरी कापडे आणि 'राखीव' अशा पाट्या होत्या, आणि तिथे वितरक व त्यांचे पाहुणे बसले. सभासदांना कुपने दिली होती. नऊच्या सुमारास पाऊस कोसळू लागला, मागच्या मांडवात पाणी शिरले, आणि रांग इतकी लांबली की लांबच्या तालुक्यांतून आलेल्या कित्येकांच्या हाती भाजी संपल्यावर नुसता भात आला. सत्तरी ओलांडलेले एक ज्येष्ठ सभासद हातात कुपन धरून खांबाला टेकून उभे होते. त्यांना खुर्ची आणून दिली ती केटररच्या पोऱ्याने. ऑर्केस्ट्राचा आवाज असा होता की शेजारच्याचे नाव विचारायचे तरी ओरडावे लागत होते. मग आपल्यातले बहुतेक जण तेच करू लागले जे ते एरवी करतात : कॅमेरे काढून गाणाऱ्यांचे फोटो घेऊ लागले. आपल्याच मेळाव्यात आपण पुन्हा ऑर्डरवर होतो, फक्त ऑर्डर बिनपैशाची होती.

लकी ड्रॉबद्दलही लिहितो. बक्षीस म्हणून ठेवलेला मिररलेस कॅमेरा चांगलाच होता आणि देणाऱ्याचे मी आभार मानतो. परंतु "सोडतीच्या वेळी हजर असलेल्यालाच बक्षीस" ही अट घालून सोडत साडेअकराला ठेवली की ज्याला शेवटची एसटी गाठायची आहे तो आपोआप बाद होतो, आणि नेमका त्यालाच त्या कॅमेऱ्याचा सर्वाधिक उपयोग असतो. ही सोडत जेवणाआधी घेण्यास काय अडचण आहे, ते समितीने सांगावे.

मॉडेल शूटबद्दल लिहिताना थोडा संकोच होतो, कारण तरुण सभासदांना तो कार्यक्रम आवडतो. गेल्या वर्षी एका मुलीभोवती साठ-सत्तर भिंगे होती, प्रत्येक जण "मॅडम, इकडे" म्हणत होता, आणि दिवे एका कंपनीने आधीच लावून ठेवले होते. दिवा कुठे ठेवायचा हा निर्णय ज्याने घेतला नाही, तो त्या फोटोतून काय शिकणार? त्यापेक्षा एक खिडकी, उजेड परतवायला एक पांढरा थर्मोकोल आणि आपल्यातल्याच एखाद्या सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या ज्येष्ठ सभासदाला खुर्चीवर बसवा, आणि नव्या मुलांना सांगा की याच्या कपाळावरचे तेज आणि डोळ्यांखालची सावली दोन्ही राखून दाखवा. सभासद स्त्रियांपैकी तिघींनी मला सांगितले की त्या तासाला त्या सभागृहाबाहेर चहा घेत बसल्या होत्या. ही गोष्ट समितीच्या कानावर कोणी घातली नसेल, म्हणून इथे घालतो.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी आणि 2011 च्या पद्मविभूषण. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने प्रसिद्ध होत होती. आपल्या विभागातल्या किती स्टुडिओंत रात्री डार्करूममध्ये प्रिंट धुणारे, दोरीला चिमटे लावून वाळवणारे आणि निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करणारे हात घरातल्या बाईचे होते, हे आपण सर्व जाणतो. माझ्याही स्टुडिओत ते तसेच होते. पाटीवर नाव माझे एकट्याचे राहिले. पूर्वी अशा सगळ्या जणी मुलाबाळांसह अधिवेशनाला येत, दुपारी त्यांची वेगळी बैठक जमे आणि संध्याकाळी गाणी त्याच म्हणत. आता प्रवेशशुल्क माणशी इतके झाले आहे की सभासद एकटाच येतो. कुटुंबासाठी शुल्क निम्मे करावे, ही मागणी मी सर्वसाधारण सभेत मांडणारच आहे, पाऊण तासात वेळ मिळाला तर.

सत्काराच्या साडेतीन तासांतून एक तास काढून तो वकिलाला द्यावा, असेही मला सुचवायचे आहे, आणि याला माझा स्वतःचा एक प्रसंग कारण आहे. माझ्या दुकानाच्या दर्शनी काचेत एका नवरीचा फोटो आठ वर्षे होता. उजेड असा उतरला होता की रस्त्यावरून जाणारे थांबत. एके दिवशी तिचे वडील आले आणि हळू आवाजात म्हणाले की ते लग्न मोडून दोन वर्षे झाली, मुलगी माहेरी आहे आणि रोज बाजाराला याच रस्त्याने जाते. मी तो फोटो त्यांच्यासमोर उतरवला. परंतु तोवर माझी अशी ठाम समजूत होती की फोटो मी काढला म्हणजे तो माझा. कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 17 असे सांगते की मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ते काढून घेणारा ग्राहक असतो. कर्ता म्हणून नाव आपले, मालकी त्याची. आज प्रत्येक सभासद ग्राहकांचे प्री-वेडिंग फोटो जाहिरातीसाठी समाजमाध्यमांवर टाकतो, आणि त्यातल्या किती जणांकडे एका पानाचा लेखी करार असेल, हे हात वर करायला सांगून पाहावे. ड्रोनचेही तेच. 2021 च्या नियमांनुसार 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते, आणि आपल्या लग्नांत उडणारे बहुतेक ड्रोन त्याहून जड असतात. हा तास झाला तर संध्याकाळच्या जेवणात बोलायला विषयही मिळेल.

आणि एक भिंत द्या. प्रत्येक सभासदाने वर्षातला आपल्याला आवडलेला एक फोटो कागदावर छापून आणावा आणि तो त्या भिंतीवर लावावा. स्पर्धा नको, परीक्षक नकोत, चौकटीही नकोत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली स्थापन झाली, म्हणजे पॅरिसमध्ये 19 ऑगस्ट 1839 रोजी डागेरच्या छायाचित्रणाच्या शोधाची जाहीर घोषणा झाल्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, डॉ. नारायण दाजींसारखी आपली माणसे त्या काळात कॅमेऱ्यामागे उभी होती. म्हणूनच 19 ऑगस्टला, जागतिक छायाचित्रण दिनी, आपण कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहतो, फोटो मात्र एकमेकांना मोबाइलवर अंगठ्याने सरकवून दाखवतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गेल्या फाल्गुनात एक मुलगी माझ्या दुकानात आली. तिचे आजोबा आमच्याच धंद्यातले, शेजारच्या तालुक्यातले. आदल्या आठवड्यात गेले होते. त्यांनी त्या गावातल्या तीन पिढ्यांचे फोटो काढले, शाळेच्या दाखल्यापासून श्रद्धांजलीच्या चौकटीपर्यंत. दहाव्याला हार घालायला त्यांचा स्वतःचा फोटो शोधू लागले तेव्हा घरात आधार कार्डावरच्या फोटोखेरीज काही सापडले नाही. ती म्हणाली, "सगळ्या अल्बमांत शोधलं, पण फोटो तेच काढत होते ना." मी साताऱ्याच्या अधिवेशनातला 1987 चा ग्रुप फोटो भिंतीवरून उतरवला. दुसऱ्या ओळीत, डावीकडून पाचवे, ते खुर्चीवर बसले होते, मांडीवर हात ठेवून, पांढऱ्या मनिल्यात. निगेटिव्ह माझ्याकडेच होती. 120 च्या फिल्मवर 41 माणसांच्या तीन ओळी, त्यात त्यांचा चेहरा मोहरीएवढा. स्कॅन करून वाढवल्यावर दाणे फुटले, कानाची कड विरघळली, पण डोळे आले. त्या मुलीने तो प्रिंट बराच वेळ दोन्ही हातांत धरून ठेवला आणि मग विचारले की आजोबांच्या शेजारी बसलेले हे कोण. ते मला सांगता आले, कारण फोटोखाली एका पेंटरकडून सर्वांची नावे लिहून घेतलेली आहेत, उभे आणि बसलेले, डावीकडून उजवीकडे. त्यात बॅटरी उचलणारे तीन मदतनीस आहेत. पतीच्या मागे स्टुडिओ चालवणाऱ्या एक बाई आहेत, मधल्या ओळीत, मांडीवर पावतीपुस्तक घेऊन. उजवीकडच्या टोकाला एक पुसट आकृती आहे. ती फोटो काढणाऱ्याची. त्याने यॅशिका कंपनीचा कॅमेरा तिवईवर लावला, सेल्फ टायमर दाबला आणि धावत आला, पण स्थिर उभे राहायला त्याला क्षणभर कमी पडला. बारा फोटोंच्या रोलमधले तीन फोटो या ग्रुपवर खर्च केले होते आणि तिन्हींत तो पुसटच आहे.

गेल्या वर्षीच्या अधिवेशनाची आठवण म्हणून आपल्याकडे दोन मिनिटांची ड्रोनची चित्रफीत आहे. तिच्यात वरून भगवे फेटे दिसतात. चेहरा एकही दिसत नाही.

म्हणून समितीस विनंती आहे की पहिल्या दिवशी दुपारी साडेचार ते साडेपाच हा तास ग्रुप फोटोसाठी राखून पत्रिकेत तशी दुरुस्ती छापावी. आषाढातले ढग म्हणजे फुकटचा सॉफ्टबॉक्स, स्टुडिओत उजेड मऊ करणाऱ्या पेटीसारखे; कोणाच्याही डोळ्यांखाली काळी सावली पडणार नाही. पाऊस असेलच तर कार्यालयाच्या पोर्चमध्ये, उजेडाकडे तोंड करून उभे राहता येईल. संख्या तीनशेच्या वर गेली तर जिल्हावार फोटो काढावेत, म्हणजे चेहरे मोहरीएवढे तरी राहतील. मदतनीस, अल्बम डिझायनर, व्हिडिओ मिक्सिंगची मुले आणि कुटुंबे यांना ओळीत घ्यावे. पाठीमागे कोणत्याही कंपनीचा फलक नसावा. उभे राहण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत नाव आणि ओळीतला क्रमांक लिहावा. फोटो कागदावर छापून, नावांसह, प्रत्येक जिल्ह्याच्या शाखेत एक प्रत टांगावी. यातील एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. त्यानंतर सगळ्यांनी तसेच पंगतीला बसावे. पंगत दोन तास आधी आणि ऑर्केस्ट्रा तिच्या नंतर, एवढीच अदलाबदल मी मागतो.

चौदा बाक आणि दोन सतरंज्या शेजारच्या शाळेतून मिळवण्याचे मी मुख्याध्यापकांशी बोलून ठेवले आहे. वाढपासाठी आमच्या तालुक्यातले अकरा जण तयार आहेत. शटर कोणी दाबायचे हा प्रश्न राहतो, कारण जो दाबेल तो फोटोत येणार नाही. माझी यॅशिका अजून चालते, तिचा सेल्फ टायमर दहा सेकंदांचा आहे, परंतु माझ्या गुडघ्यांना आता तेवढ्या वेळात ओळीपर्यंत पोचणे जमणार नाही. तेव्हा धावण्यासाठी एक तरुण सभासद समितीने द्यावा, आणि त्याच्या पायांत चप्पल नसावी. पोर्चची फरशी पावसात निसरडी होते.

आपला नम्र,
तालुक्याच्या गावचा एक जुना स्टुडिओचालक सभासद